तारीख न लिहिलेली बॅटरी

“पर्स उघड,” लेक म्हणाली.

“अगं, उशीर होतोय.”

“आई, पर्स उघड.”

आमच्या हिने निमूटपणे पर्स उघडली. लेकीने आत हात घातला आणि एकेक वस्तू काढून दाराशेजारच्या स्टुलावर मांडायला सुरुवात केली. एक रबरी हातमोजा, तोही एकच. खाण्याच्या सोड्याची पुडी. पांढऱ्या रंगाची चिमुकली डबी आणि तिला रबरबँडने बांधलेला ब्रश. सगळ्यात शेवटी बारा-तेराचा पाना, दांड्यावर सायकलच्या ट्यूबचा तुकडा घट्ट चढवलेला. बायकांच्या पर्समध्ये कंगवा असतो, आरसा असतो. आमच्या हिच्या पर्समध्ये गेली एकतीस वर्षं हा पाना आहे.

“आणि कंगवा कुठाय?” लेकीने विचारलं.

“राहिला वाटतं.”

“राहायला कधी होता कुठे,” मी म्हणालो.

लेकीला हसू आलं नाही. तिच्या पाळणाघराचा आज पहिला दिवस होता. सहा महिने ती त्यासाठी झटत होती. अकरा मुलांची नावं आली होती आणि सगळ्यांचे आईबाप आज तासभर थांबून, जागा नीट पाहून, मगच मुलं ठेवायची की नाही हे ठरवणार होते. तिने स्वतःच्या गळ्यातली साखळी काढून आईच्या गळ्यात घातली, हातात एक कडं चढवलं आणि दोन पावलं मागे सरून पाहिलं. मी शिवलेला आकाशी सुती ड्रेस हिला शोभत होता. हे मी शिवला म्हणून म्हणत नाही, खरोखरच शोभत होता.

“आज तू बॅटरीबाई नाहीस,” लेक म्हणाली. “आज नुसती माझी आई म्हणून ये. कुणाच्या इन्व्हर्टरची चौकशी करायची नाही, कुणाला पाणी घालायला येते म्हणून सांगायचं नाही. कबूल?”

“कबूल,” ही म्हणाली.

आवाज नेहमीसारखाच होता. पण चौतीस वर्षं एका छपराखाली काढल्यावर आवाजावर कोण जातं? तिला लागलं होतं. लेक गाडी आली का ते बघायला बाहेर वळली, तेवढ्यात मी स्टुलावरचा पाना उचलला आणि माझ्या चष्म्याच्या डबीत तिरका सारून डबी बंद केली. का उचलला म्हणाल, तर सांगता येणार नाही. मी जन्मभर शिलाईचं दुकान चालवलं. सुईदोरा घेतल्याशिवाय मला घराबाहेर पडवत नाही. तिचंही तसंच असणार, एवढाच विचार.

आता ही बॅटरीबाई कशी झाली ते सांगायला हवं. माझ्या दुकानासमोर बॅटऱ्यांचं दुकान होतं. मालक म्हातारे, नजर अधू झालेली. ही माझा डबा घेऊन यायची आणि परत जाताना तिथे रेंगाळायची. एक दिवस मालक म्हणाले, “पोरी, तुझे डोळे चांगले आहेत. या बॅटरीतलं पाणी रेघेपर्यंत आहे का, तेवढं बघून सांग.” तिने बघून सांगितलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा सांगितलं. सहा महिन्यांनी मालक खुर्चीवर बसायचे आणि ही काम करायची. पुढे घरोघरी इन्व्हर्टर आले, तेव्हा ती पाण्याचे कॅन घेऊन दारोदार जाऊ लागली. इन्व्हर्टरच्या बॅटरीतलं पाणी वापरता वापरता आटतं, ते वेळच्या वेळी भरावं लागतं. आमच्या भागातली तीनशे घरं तिच्या नाकाखाली आहेत. नाकाखाली हा शब्द मी मुद्दाम वापरतो. ती दारात पाऊल ठेवते आणि बॅटरी बघायच्या आधीच सांगते, ही ठीक आहे, ही दमलीय, हिला कुणीतरी उपाशी ठेवलंय.

दुसऱ्याच वर्षी पान्याचं एक टोक बॅटरीच्या एका खांबाला, म्हणजे तार बांधतात त्या टोकाला, टेकलं आणि तिच्या बोटातली अंगठी दुसऱ्याला. अंगठी मी दिलेली, लग्नातली. निमिषभरात लालभडक झाली. मालकांनी कापून काढली, पण बोटाला पांढरं वळं कायमचं राहिलं. तेव्हापासून कामाला जाताना अंगावर धातू नाही. मी तिला लाल रिळाच्या दोऱ्याची अंगठी विणून दिली. ती झिजली की दुसरी विणतो. आजवर बावीस झाल्या.

आणि भोकं. ॲसिडचा शिंतोडा कपड्यावर उडाला तर त्या वेळी काही दिसत नाही. कपडा धुतला, वाळला, घडी घालायला घेतला की भोक. सुती कपड्याला तर हमखास. मी आयुष्यात जेवढे कपडे शिवले असतील, त्याहून जास्त हिची भोकं बुजवली आहेत. लेक चौथीत असताना शाळेत पालकसभा होती. ही दुकानातून थेट गेली. पहिल्या रांगेत बसल्यावर तिच्या लक्षात आलं की मांडीवर रुपयाएवढं भोक पडलंय. तिने त्यावर तळहात ठेवला, तो सभा संपेपर्यंत उचलला नाही. बाईंनी सही करायला कागद दिला तरी डाव्या हाताने केली. लेकीच्या मैत्रिणी हसल्या. पुढच्या सभेच्या वेळी लेक म्हणाली, “बाबा, तुम्ही या.” मग सगळ्या सभांना मीच गेलो. का, असं हिने एकदाही विचारलं नाही. त्यामुळे आजच्या बोलावण्याची किंमत मला ठाऊक होती. इतक्या वर्षांनी लेकीने आईला आपल्या माणसांत नेऊन बसवायचं ठरवलं होतं.

पाळणाघर लेकीच्या घरातच, तळमजल्यावरच्या दोन मोठ्या खोल्यांत. भिंतींना पिवळा रंग, अकरा खुंट्या, खुंटीखाली प्रत्येक मुलाचं चित्र. आतली खोली झोपण्याची. तिथे अकरा गाद्या, आणि भिंतीतल्या लाकडी कपाटाच्या दारावर एक हसरा सूर्य. तो आमच्या जावयांनी रंगवलेला. जावई गणिताचे शिक्षक. माणूस लाखात एक. हिशेबाला पक्के, बोलायला गोड आणि सासूला इतका मान देणारे की कधी कधी मलाच अवघडायला होतं.

चार वर्षांपूर्वी दोघं या घरात राहायला आले, तेव्हा हिने त्यांना बॅटरी भेट दिली होती. दुकानातल्या वीस बॅटऱ्यांतून निवडून काढलेली. मी माझ्या दुकानातली लाल फीत कापून तिला बांधली. हिचा एक नियम आहे. कुठलीही बॅटरी बसवली की तिच्या अंगावर पांढऱ्या रंगाने महिना आणि वर्ष लिहायचं. बॅटरीचं वय कळल्याशिवाय तिला हात लावायचा नाही, आणि वेगवेगळ्या वयाच्या दोन बॅटऱ्या कधी एकमेकींना बांधायच्या नाहीत. त्या दिवशीही तिने ब्रश काढला. लेक म्हणाली, “आई, भेटीच्या वस्तूवर कुणी तारीख लिहितं का? किती छान दिसतेय. राहू दे ना.” हिने ब्रश हातात धरला, थोडा वेळ धरला, आणि पुन्हा पर्समध्ये ठेवला. तारीख न लिहिता सोडलेली तिच्या आयुष्यातली ती एकच बॅटरी.

पाणीही जावयांनी तिला घालू दिलं नाही. “आई, तुम्ही आमच्या घरी गुडघे टेकून काम करायचं आणि मी बघत बसायचं? मी घालत जाईन.” सासू काय बोलणार? जावयाच्या घरी सासूने गप्प बसावं, हे तिला कुणी शिकवावं लागलं नव्हतं.

आम्ही पोचलो तेव्हा खोली भरली होती. सकाळपासून दोन तास वीज नव्हती आणि नुकतीच आली होती. तेवढा वेळ पंखे इन्व्हर्टरवर चालले म्हणून जावई खुशीत होते. “आपल्याकडे आता दुप्पट सोय आहे,” ते एका पालकाला सांगत होते. “चार तासांच्या जागी आठ तास. मुलांना उकडणार म्हणून नाही.”

हिला खुर्ची दिली. बसली. लेकीने दोन-तीन जणींशी ओळख करून दिली, “माझी आई.” एवढंच. कुणी विचारलं, “तुम्ही काय करता?” तर ही म्हणाली, “काही नाही, घरीच असते.” मी खिडकीबाहेर पाहिलं. चौतीस वर्षांत मी तिच्या तोंडून ऐकलेलं हे पहिलं खोटं होतं आणि ते तिने लेकीसाठी सांगितलं होतं.

मग वास आला. मलाही आला, म्हणजे बराच असणार. अंडं सडल्यासारखा. सगळ्या आयांनी एकदम एकमेकींकडे पाहिलं आणि जो तो आपापल्या मुलाला उलटं करून हुंगायला लागला. जुळ्यांची आई म्हणून एक होती, तोंडाने फटकळ, पण पोरांच्या बाबतीत डोळ्यांत तेल घालून बसलेली. तिने आपली दोन्ही पोरं तपासली आणि जाहीर केलं, “आमचे नाहीत.” दुसरी म्हणाली, “आमचाही कोरडा आहे.” पाच मिनिटांत, आत झोपलेल्या चौघांसकट, अकरा मुलांचे लंगोट तपासून झाले. सगळे स्वच्छ निघाले. एका बापाने चप्पल उलटी करून पाहिली. हसाहशी झाली.

ही हसली नाही. तिच्या नाकपुड्या हलल्या. ती उठली, आतल्या खोलीत गेली. चार मुलं गाद्यांवर झोपली होती. त्यांच्यामधून पाय टाकत ती कपाटापाशी पोचली आणि हसऱ्या सूर्यावर तळहात ठेवला. मग कान लावला. मी दारातून बघत होतो. माझा हात आपोआप चष्म्याच्या डबीवर गेला.

“जावईबापू,” तिने हळूच हाक मारली. “या कपाटात काय ठेवलंय?”

जावयांचा चेहरा खुलला. “आई, तुम्हाला नंतर दाखवणार होतो. मुलांचे हात लागू नयेत म्हणून इन्व्हर्टर वर फळीवर आणि बॅटऱ्या आत कुलपात.”

“बॅटऱ्या?”

“तुमची होती ती जरा लवकर उतरायला लागली होती. पण तुमची भेट टाकून द्यायची म्हणजे... मनाला पटेना. म्हणून गेल्या आठवड्यात एक नवी आणली आणि दोन्ही जोडल्या. अधिकला अधिक, उण्याला उणं. व्हिडिओत बघून. दीडशे आणि दीडशे, तीनशे अँपिअर-तास.”

हिचा चेहरा पांढरा पडला. बॅटरी तिने दिली होती. वय तिने लिहिलं नव्हतं. आणि जावयांनी जे केलं होतं ते केवळ तिचा मान राखायला.

“दार तापलंय,” ती म्हणाली. “आत पाणी उकळतंय.”

तेवढ्यात लेक आत आली. आई कपाटाला कान लावून उभी, हे पाहून तिला काय वाटलं ते तिच्या तोंडावर स्पष्ट होतं.

“आई,” ती दबक्या आवाजात म्हणाली, “तू कबूल केलं होतंस. आज नको. प्लीज. बाहेर सगळे बसलेत.”

हिने लेकीकडे पाहिलं. गळ्यात लेकीची साखळी, हातात लेकीचं कडं. मला वाटलं, आता ही खाली बघेल. पालकसभेतून आल्यावर बघितलं होतं तसं.

“पोरी,” ही म्हणाली, “तुला सगळ्यांचा फोटो काढायचा होता ना? अंगणात ऊन छान आहे. आत्ताच्या आत्ता सगळी मुलं बाहेर ने. झोपलेलीसुद्धा.” आणि तिच्या कानाशी तोंड नेऊन पुढचं सांगितलं, ते मला ऐकू आलं. “कपाटात गॅस कोंडलाय. एक ठिणगी पडली तर बॅटरी फुटेल आणि ॲसिड या गाद्यांवर येईल. पळू नकोस. ओरडू नकोस. हसत जा.”

लेकीने कपाटाकडे एकदा पाहिलं. मग वाकून तिने दोन मुलं दोन खांद्यांवर घेतली आणि बाहेर तोंड करून खणखणीत आवाजात म्हणाली, “चला, चला, फोटो. सगळे अंगणात. ऊन गेलं तर मग मला बोल लावू नका.” आत काय आहे ते ठाऊक असूनही आवाज हसत होता. आईवर गेलीय, हे मला त्या दिवशी पहिल्यांदा नीट दिसलं.

जावई गोंधळले. “आई, मी वास जाण्यासाठी एक्झॉस्ट लावतो,” म्हणून त्यांनी बटणाकडे हात नेला. हिने त्यांचं मनगट पकडलं. सासूने जावयाचं मनगट पकडायची आमच्या घरातली ही पहिलीच वेळ.

“कुठल्याही बटणाला हात नको. चालू आहे ते चालू, बंद आहे ते बंद. बटणात ठिणगी असते. आधी खिडक्या उघडा. सगळ्या. मग कपाटाची किल्ली द्या. आणि तुमचं हेल्मेट.”

“हेल्मेट?”

“पुढे काच असलेलं. स्कूटरवर आहे ना?”

ते धावत गेले. हिने साखळी काढली, कडं काढलं, दोन्ही माझ्या हातात ठेवलं. बोटातली दोऱ्याची अंगठी तेवढी राहिली. स्वयंपाकघरातून रबरी हातमोजे आणले, ॲसिड मारायला बादलीत खाण्याचा सोडा कालवला. तिने कपाटाचं दार हळूहळू उघडलं आणि मागे सरली. आतून गरम वाफारा आला. माझ्या इस्त्रीचा ओल्या कपड्यावर येतो तसा.

दोन बॅटऱ्या शेजारी शेजारी होत्या. नवी ताठ. जुनीच्या दोन्ही कुशींचे पत्रे... पत्रे कसले, प्लास्टिकच्या भिंती, फुगून बाहेर आल्या होत्या. लाल फीत अजून तिच्या मुठीला बांधलेली होती. दोघींना जोडणारी तार इतकी बारीक की जणू जाड कापडाला रेशमी दोऱ्याने शिवण घातलेली. तारेवरचं आवरण मऊ होऊन लोंबत होतं.

“आता?” जावई विचारत होते.

“आता थांबायचं. हवा खेळू द्यायची. आधी हवा, मग बटण, मग पाना.”

आम्ही थांबलो. दहा मिनिटं असतील, पण मला ती अख्ख्या दिवसाएवढी वाटली. मग तिने नाक वर करून हुंगलं, मान हलवली, इन्व्हर्टरचं बटण बंद केलं आणि बाहेरचा मेनही बंद करायला लावला. पंखे थांबले.

“झालं ना आई?” जावयांनी विचारलं.

“नाही झालं. बटण इन्व्हर्टरचं बंद झालं. या दोघी अजून एकमेकींना बांधलेल्या आहेत. जुनीचा एक कप्पा मेलाय. नवी आपल्यातलं सगळं तिच्यात ओततेय आणि ती घेऊन नुसती तापतेय. तार सोडवल्याशिवाय हे थांबायचं नाही.”

तिने पर्सकडे हात नेला आणि तो अर्ध्यावर थांबला. पाना घरी होता, स्टुलावर. जावई म्हणाले, “माझ्याकडे पक्कड आहे, लोखंडी.” तिने मान हलवून नको म्हटलं. उघड्या लोखंडाने काय होतं, ते तिच्या बोटावर लिहिलेलं आहे.

मी चष्म्याची डबी उघडली.

तिने पान्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. “अहो,” एवढंच म्हणाली. चौतीस वर्षांत त्या एका शब्दाचे मी पुष्कळ अर्थ ऐकले, पण हा नवा होता.

“बाहेर व्हा दोघं,” ती म्हणाली आणि हेल्मेट डोक्यात घालून काच खाली ओढली.

आम्ही बाहेर जाऊन खिडकीपाशी उभे राहिलो. अंगणात फोटो काढून झाला होता आणि लोक आता विचारायला लागले होते. जुळ्यांची आई कमरेवर हात ठेवून लेकीसमोर उभी होती. “फोटोसाठी झोपलेली पोरं उठवतात का? आत काय चाललंय ते सांगा, नाहीतर मी चालले.”

लेकीने खिडकीकडे पाहिलं. तिला खोटं सांगता आलं असतं. पंखा बिघडला म्हणाली असती तर खपून गेलं असतं.

“आत बॅटरी तापलीय,” ती म्हणाली. “जुनी आणि नवी एकत्र जोडली गेली. चूक आमची. आई सोडवतेय.”

“तुमची आई? अहो, मग माहीतगार माणसाला बोलवा ना.”

“माझी आई तीस वर्षं हेच काम करते,” लेक मोठ्याने म्हणाली. अंगणातल्या सगळ्यांना ऐकू जाईल इतक्या मोठ्याने. “या भागात तिच्याएवढं माहीतगार दुसरं कुणी नाही. तिला बॅटरीबाई म्हणतात.”

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. मी चष्मा पुसायला काढला आणि नेमक्या त्याच वेळी आत खट् झालं. चष्मा घालेपर्यंत ही उण्याची तार जुन्या बॅटरीवरून सुटी करून बाजूला धरत होती. एक बारीकशी ठिणगी उडाली होती म्हणे. पण तिच्या भोवती आता नुसती हवा होती, गॅस कधीच खिडकीबाहेर गेला होता. तारेचं टोक तिने उरलेल्या रबरी मोज्यात कोंबलं. मग दुसरी तार. जुन्या बॅटरीच्या झाकणांतून शिंतोडे उडत होते. तिने वरून सोड्याचं पाणी शिंपडलं, ते फसफसलं. मग ती खाली बसली आणि फुगलेल्या बॅटरीचं निवणं बघत राहिली.

ती बाहेर आली ती हेल्मेटसकट. एक दीड वर्षाचं पोर तिला पाहून खिदळलं आणि टाळ्या पिटायला लागलं. त्याचं पाहून दुसरं. मग मोठ्यांनाही राहवेना. काच वर करून ही बघते तर अख्खं अंगण टाळ्या वाजवतंय. ती इतकी लाजली की तिने काच पुन्हा खाली ओढली.

जावई पुढे आले. “आई, मी... त्या गाद्यांवर मुलं होती.”

“होती. आता नाहीत,” ती म्हणाली. “आणि तुमची अर्धी चूक, अर्धी माझी. सगळ्या गावाच्या बॅटऱ्यांवर मी वय लिहिते आणि लेकीच्या बॅटरीवर लिहिलं नाही. वय दिसलं असतं तर तुम्ही गणितच मांडलं नसतं.”

“पण दीडशे अधिक दीडशे...”

“कागदावर तीनशे. तुम्ही एका दमलेल्या माणसाला आणि एका तरुणाला एका दोरीने बांधून पळायला लावलंत. दमलेला पडतो आणि तरुणाला घेऊन पडतो. आणि वर त्यांना बंद खोलीत कोंडलंत.”

मग प्रश्नांची झुंबड उडाली. तिने सगळ्यांना उत्तरं दिली, पायरीवर बसून, हेल्मेट मांडीवर घेऊन. जोडायच्याच असतील तर एकाच दिवशी, एकाच जातीच्या, एकाच मापाच्या, दोन्ही नव्या घ्यायच्या. तार अंगठ्याएवढी जाड आणि काम जाणत्याच्या हातून. जागा उघडी हवी, झोपायच्या खोलीत नकोच. टॉर्चमध्ये, खेळण्यातही एक सेल जुना आणि एक नवा घालायचा नाही, जुना गळतो, तापतो. एक बाप बराच वेळ मागे उभा होता. शेवटी खाली मान घालून म्हणाला, “काकू, आमच्याकडे तीन जोडल्यात. जिन्याखाली.”

“कधीच्या?”

“एक आमच्या लग्नातली आहे.”

“लग्न कधी झालं?”

तो आठवायला लागला आणि त्याची बायको त्याच्याकडे ज्या नजरेने बघत होती, त्यावरून बॅटरी हा त्याचा लहान प्रश्न आहे हे सगळ्यांना कळलं. ही म्हणाली, “आजच येते. तोवर जिन्याखालचं दार उघडं ठेवा आणि कशाला हात लावू नका.”

मुलांना आज घरी न्यायचं ठरलं. लेक दारात उभी होती, चेहरा उतरलेला. जुळ्यांची आई दोन्ही पोरं कडेवर घेऊन तिच्यापाशी थांबली.

“उद्या किती वाजता आणू?” तिने विचारलं.

“तुम्ही... आणणार?”

“वास आल्यावर आम्ही सगळ्या लंगोट बघत बसलो. या बाईंनी भिंत बघितली. अशी आजी ज्या घरात येते-जाते तिथे नाही ठेवायची तर कुठे ठेवायची?”

दुसऱ्या दिवशी अकराच्या अकरा आली. शनिवारी तेरा झाली.

परतताना गाडीत मी हिला विचारलं, “लेक अंगणात काय म्हणाली, ऐकलंस का?”

“हेल्मेट होतं ना डोक्यात,” ती म्हणाली.

मला वाईट वाटलं. ज्या एका वाक्यासाठी ती इतकी वर्षं थांबली, ते नेमकं काचेमागे गेलं. मी ते पुन्हा सांगणार होतो, पण ती खिडकीबाहेर बघत होती म्हणून घरी गेल्यावर सांगू म्हटलं. बऱ्याच वेळाने, आमची गल्ली आल्यावर, ती स्वतःशीच म्हणाली,

“एकतीस. तीस सांगितलं तिने.”

चौथ्या दिवशी आकाशी ड्रेस धुऊन वाळला. मी घडी घालायला घेतला आणि भोकं दिसली. मांडीवर एक मोठं, रुपयाएवढं, आणि घेराला पाच-सहा बारकी. मी आकाशी दोरा शोधला, सुई ओवली, चष्मा नाकावर ओढला. तेवढ्यात लेक आली. तिच्या हातात नव्या बॅटरीचा फोटो होता. बॅटरी आता मागच्या उघड्या पडवीत, एकटी, आणि अंगावर पांढऱ्या रंगात महिना आणि वर्ष. अक्षर तिरकं होतं, लेकीचं स्वतःचं.

तिने माझ्या हातातला ड्रेस बघितला. मांडीवरचं भोक बघितलं. त्यात बोट घालून पाहिलं. मग माझ्या हातातली सुई काढून घेतली आणि रिळात टोचून ठेवली.

“बाबा, रफू नका करू. रविवारी माझी पालकसभा आहे. आईला हाच घालून आणा.”

सभेला ही पहिल्या रांगेत बसली. मी मुद्दाम मागे, कोपऱ्यात बसलो, म्हणजे नीट दिसेल. लेक पुढे उभी राहून काहीतरी सांगत होती. माझं तिकडे लक्ष नव्हतं. मी हिचे हात बघत होतो. सवयीने उजवा हात मांडीकडे गेला, भोकापाशी थांबला. मग तो तिथून उठला, शेजारच्या खुर्चीवरच्या जुळ्यांपैकी एकाने तिच्या डाव्या हातातलं दोऱ्याच्या अंगठीचं बोट धरलं होतं, त्याच्या मुठीवर जाऊन बसला, आणि सभा संपेपर्यंत तिथेच राहिला.